युजरबाईंची चाचणी

“पण मावशी, डाव्या हाताने तुम्हाला करायचं काय असतं?”

ग्रंथालयाच्या दाराशी, बॅगांच्या काउंटरमागे बसलेल्या युजरबाईंनी मुलीची बॅग फळीवर सरकवली, टोकन तिच्यापुढे ठेवलं आणि मग कुठे तो प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचला. पोचल्यावर त्या दचकल्या.

“म्हणजे?”

“म्हणजे हात मी करणार. घालणार तुम्ही. तर त्याने तुम्हाला काय करायचंय?”

“ग्लास उचलायचा,” युजरबाई म्हणाल्या. हे उत्तर त्यांना पाठ होतं.

“ग्लास तुम्ही उजव्या हाताने उचलता की.”

“हो.”

“मग डाव्याने कशाला?”

मुलीच्या मागे रांग वाढत चालली होती. युजरबाईंनी पुढच्याची बॅग घेण्यासाठी उजवा हात लांब केला. “पोरी, तो ग्लास तुमच्या अभ्यासक्रमात आहे,” त्या म्हणाल्या. “मला काय विचारतेस?”

ग्लास अभ्यासक्रमात होता, हे खरंच. या इमारतीत बायोमेडिकल इंजिनिअरिंगची पदवी मिळत असे. त्यासाठी मुलांना आधी गणित, मग इलेक्ट्रॉनिक्स, मग माणसाच्या शरीरातली हाडं आणि स्नायू, मग नळीतून वाहणाऱ्या पाण्याचे नियम आणि शेवटी नीतिशास्त्र शिकावं लागे. प्रत्येक विषयाची क्रेडिटं असत आणि ती साठवत साठवत पदवीपर्यंत जायचं असे. चार वर्षं एवढं शिकल्यावर दवाखान्यातले डॉक्टर त्यांना मेकॅनिक समजत आणि कारखान्यातले इंजिनिअर त्यांना कंपाउंडर. पण तो पुढचा प्रश्न होता. आधीचा प्रश्न शेवटच्या वर्षीच्या प्रोजेक्टचा होता, आणि कृत्रिम हात करणाऱ्या मुलांना त्यात एक अट होती. हात प्रत्यक्ष माणसाला बसवून त्याने अर्धा भरलेला ग्लास टेबलावरून उचलायचा, तोंडापर्यंत न्यायचा आणि न सांडता परत ठेवायचा. ग्लासच का, हे कुणाला माहीत नव्हतं. अट ठरली त्या बैठकीत टेबलावर बहुधा ग्लास असावा.

प्रत्यक्ष माणूस म्हणजे युजरबाई. तरुणपणी खोके तयार करणाऱ्या कारखान्यात कटिंग मशीनवर असताना त्यांचा डावा हात मनगटापासून गेला. ती हकिगत त्या एका वाक्यात सांगत. “मशीन नवीन होतं, मीपण नवीन होते.” पुढे या कॉलेजात बॅगांच्या काउंटरवर नोकरी लागली आणि विभागाला घरबसल्या युजर मिळाला. पहिल्या बॅचने आपल्या अहवालात ‘युजर: स्त्री, मध्यमवयीन’ असं लिहिलं. पुढच्या प्रत्येक बॅचने तो परिच्छेद आधीच्या अहवालातून जसाच्या तसा उतरवून घेतला, त्यामुळे युजरबाई तेव्हापासून आजपर्यंत मध्यमवयीनच होत्या. इमारतीत त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या कारकुनाला ठाऊक होतं.

एवढ्या वर्षांत त्यांनी प्रत्येक वर्षी ग्लास उचलला होता. कधी सांडला नव्हता. आणि एवढ्या वर्षांत आलेल्या हातांपैकी एकही हात कधी चालला नव्हता.

ही दुसरी गोष्ट फक्त युजरबाईंना माहीत होती.

त्याची सुरुवात पहिल्याच बॅचपासून झाली. सादरीकरणाच्या दिवशी एक किडकिडीत मुलगा व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून रडत होता. मोटर जळाली होती, आत परीक्षक बसले होते आणि गावाकडे वडिलांनी मुलगा इंजिनिअर झाला म्हणून पेढीवर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. “रडू नकोस रे,” युजरबाई म्हणाल्या, “चल आत.” त्यांनी तो मुका हात चढवला. अंगठा ताठ होता, बोटं थोडी वाकलेली होती आणि मध्ये ग्लासाएवढी फट होती. त्यांनी कोपर अंगाशी घेतलं, खांदा किंचित खाली सोडला, ग्लास त्या फटीत अडकवला आणि उचलला. सगळे ग्लासाकडे बघत होते. कोपराकडे कुणी बघितलं नाही. मुलाला वाटलं, मोटर ऐन वेळी जिवंत झाली. “यंत्राचं काही सांगता येत नाही,” तो पुढे अनेक वर्षं वर्गात सांगत असे. कारण तो तिथेच शिकवायला लागला आणि आता त्याला सगळे प्रोजेक्ट सर म्हणत. युजरबाईसुद्धा त्याला ‘तुम्ही’ म्हणू लागल्या होत्या.

मग दरवर्षीचाच रिवाज पडला. सादरीकरणाच्या आदल्या दिवशी मुलं काउंटरवर येत आणि म्हणत, “मावशी, सांभाळून घ्या.” मावशी सांभाळून घेत. प्रयोगशाळेत हटून बसलेला हात मावशींच्या अंगाला लागला की सरळ होतो, असा मुलांचा अनुभव होता. याला ती मावशींचा पायगुण म्हणत. चार वर्षं विज्ञान शिकलेल्यांनी हातासाठी पायगुणावर विसंबावं, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. सादरीकरण झालं की हात काचेच्या कपाटात जाई. त्यातली मोटर मात्र काढून पुढच्या बॅचला दिली जाई, कारण विभागात चांगली मोटर एकच होती. कपाटातले सगळे हात आतून पोकळ होते. बाहेरून छान दिसत.

प्रश्न विचारणाऱ्या मुलीला वर्गात बॅकलॉग म्हणत. सिग्नल नावाच्या विषयात ती इतक्यांदा नापास झाली होती, की तो विषय शिकवणाऱ्या बाई ओळखीने तिला आपल्या लग्नाला बोलावून गेल्या. तो सुटल्याशिवाय प्रोजेक्ट घेता येत नाही, असा नियम. तो सुटेपर्यंत तिच्या गटातली मुलं पदवी घेऊन नोकरीला लागली. आता ती एकटी होती आणि हे तिचं शेवटचं वर्ष होतं. शेवटचं म्हणजे नियमाने शेवटचं. ठरावीक वर्षांत पदवी पुरी झाली नाही तर आधी मिळवलेली सगळी क्रेडिटं बाद. हाडं, स्नायू, नळीतलं पाणी, नीतिशास्त्र, सगळं शून्य.

“तरी विचार करून सांगा हं मावशी,” टोकन घेऊन जाताना ती म्हणाली. “घाई नाही. म्हणजे आहे, पण तुम्ही करू नका.”

युजरबाईंनी घरी नवऱ्याला सांगितलं. नवरा बसवर कंडक्टर होता, आता निवृत्त झाला होता. पण बोलण्यात अजून बसमधून उतरला नव्हता. दर वर्षी प्रोजेक्टचा हात सरावासाठी घरी येई तेव्हा तो त्याला पाहुणा म्हणे. “पाहुणा आला का? किती दिवस मुक्काम? जेवतो का काही?”

“यंदाची पोरगी विचारतेय, हाताने काय करायचंय तुम्हाला.”

“अरे वा. मग काय सांगितलंस?”

“काय सांगू? काही सुचेना.”

“मला दोन चापट्या मारायच्यात म्हणून सांग. एका हाताने टाळी वाजत नाही नीट.”

रविवार होता. दर रविवारी करत असे तसं कंडक्टरने तिच्या उजव्या हाताखाली वर्तमानपत्र पसरलं, चष्मा चढवला आणि तिची नखं कापायला बसला. त्याला हे काम चांगलं जमे. तर्जनीच्या नखाशी आल्यावर तो म्हणाला, “हलू नकोस गं, शेवटच्या स्टॉपला आलोय.”

युजरबाई त्याच्या हातातल्या नेलकटरकडे बघत राहिल्या. ज्याला एकच हात आहे त्याला जगात जवळपास सगळं करता येतं. फक्त त्या एका हाताची नखं त्याला कापता येत नाहीत. गेली कित्येक वर्षं त्या दर रविवारी हात पुढे करून लहान मुलासारख्या बसत होत्या आणि हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काउंटरवरून वाकून, हळू आवाजात, चोरीच्या मालाचा पत्ता सांगावा तसं मुलीला सांगितलं, “नखं. उजव्या हाताची. माझी मला कापायची आहेत.”

मुलगी बराच वेळ आपल्याच दोन्ही हातांकडे बघत उभी राहिली. मागचा मुलगा म्हणाला, “अगं, टोकन घे ना.”

पुढच्या आठवड्यात तिने युजरबाईंना प्रयोगशाळेत बोलावलं. तिला आधी गेल्या वर्षीचा हात तपासायचा होता. त्यातली मोटर आणि बॅटरी अजून जागेवर होती. तिने युजरबाईंच्या हाताच्या वरच्या स्नायूवर दोन चकत्या चिकटवल्या. स्नायू आवळला की पडद्यावरची रेघ उसळणार, रेघ उसळली की मोटर फिरणार आणि बोटं मिटणार, असं तिने समजावून सांगितलं. युजरबाई मान डोलवत होत्या. हे त्यांनी दरवर्षी ऐकलं होतं.

“उचला ग्लास.”

युजरबाईंनी सवयीने ग्लास उचलला, ओठांपर्यंत नेला, परत ठेवला. पाणी हललंही नाही.

मुलगी पडद्याकडे बघत होती. “परत उचला.”

त्यांनी परत उचलला.

“मावशी,” मुलगी म्हणाली. “रेघ सरळ आहे. तुमचा स्नायू झोपलाय आणि ग्लास चाललाय.”

युजरबाईंनी हातातला ग्लास खाली ठेवला. इतकी वर्षं माणसांनी बघितलं होतं. पडद्याने बघितलं नव्हतं. सिग्नलमध्ये इतक्यांदा नापास झाल्यावर तरी माणसाला रेघ वाचता येऊ नये, असं त्यांना वाटलं.

“असं दिसतं होय त्यात?” त्या म्हणाल्या.

“सगळं दिसतं. खांद्याने उचलताय तुम्ही.” मुलगी स्टुलावर बसली. “गेल्या वर्षीचापण? त्याच्या आधीचा?”

“सगळेच.”

“सगळे?”

“पोरं रडकुंडीला येतात गं.”

मुलगी आधी हसली. मग तिचं हसू अर्ध्यावर थांबलं आणि ती भिंतीवरच्या फोटोंकडे बघत राहिली. तिथे दर वर्षीच्या बॅचचा फोटो होता आणि प्रत्येक फोटोत मध्यभागी युजरबाई ग्लास धरून उभ्या होत्या.

“कुणाला सांगणार नाही मी,” ती म्हणाली. “पण माझ्या वेळेला असं करू नका.”

“आणि नाही चालला तर?”

“तर नाही चालला.”

युजरबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. त्या इमारतीत असं वाक्य त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

हात तयार व्हायला सत्र उलटलं. तो दिसायला अगदीच ओबडधोबड होता. आधीच्या हातांना नखं रंगवलेली असत, चामडीच्या रंगाचं रबर असे; याला तीन बोटं होती आणि एक अंगठा, आणि ती पकडीसारखी दिसत. तो सावकाश मिटे. स्नायू आवळला की मोटर आधी थोडा वेळ विचार करी, मग घरघर करत बोटं जवळ येत आणि शेवटी खट् असा आवाज होऊन जिथल्या तिथे घट्ट बसत. नखं कापायला वेग नको, जोर हवा आणि हललं नाही पाहिजे, असं मुलीचं म्हणणं होतं. मोटर तीच. विभागातली एकुलती एक.

पाहुणा घरी आला तेव्हा कंडक्टर त्याला बघून म्हणाला, “हा कुठला? हा तर गॅरेजमधून आलेला दिसतोय.”

“गप्प बसा हो. वर्तमानपत्र द्या इकडे.”

युजरबाई टेबलाशी बसल्या. त्यांनी नेलकटर त्या बोटांत ठेवला आणि हात आवळला. घरघर झाली. खट्. नेलकटर जागच्या जागी बसला. त्यांनी उजवा अंगठा त्याच्या तोंडाशी नेला आणि पुन्हा आवळलं. बोटं आणखी दाबली गेली आणि नखाचा तुकडा वर्तमानपत्रावर पडला.

त्या तुकड्याकडे दोघंही बघत राहिले.

“अगं,” कंडक्टर म्हणाला, “हा चालतोय.”

“हो.”

“म्हणजे खरोखरचा?”

युजरबाईंनी मान डोलवली. त्यांना भीती वाटत होती. एवढ्या वर्षांत हाताने काही केलं तर ते आपणच केलेलं असतं, याची त्यांना सवय होती. या वेळी त्यांच्या अंगावर बसलेली एक वस्तू त्यांच्या मनासारखं वागली होती आणि त्यात त्यांच्या कोपराचा काडीचा संबंध नव्हता. त्यांनी एकेक करत सगळी नखं कापली. करंगळीला वेळ लागला. कंडक्टर चष्मा हातात घेऊन बसला होता. तो त्याने चढवलाच नाही.

“बरं झालं बुवा,” शेवटी तो म्हणाला. “रविवारची सुट्टी मिळाली मला.” आणि उठून विनाकारण खिडकी उघडून परत लावून आला.

सादरीकरणाच्या दिवशी मुलीने केस इतके घट्ट बांधले होते, की भुवया वर ओढल्या गेल्या होत्या. बाहेरून आलेले परीक्षक मधल्या खुर्चीवर बसले होते. त्यांना सगळे एक्स्टर्नल म्हणत. ते गेल्या वर्षीही आले होते. त्यांच्या शेजारी प्रोजेक्ट सर बसले होते आणि पुढे टेबलावर तो अर्धा भरलेला ग्लास होता.

“उचला बाई,” एक्स्टर्नल म्हणाले.

युजरबाईंचं कोपर सवयीने अंगाशी आलं. त्यांनी ते बळेच लांब केलं आणि स्नायू आवळला. मोटरने विचार केला. घरघर. बोटं ग्लासाभोवती येऊ लागली. एक्स्टर्नलनी घड्याळात पाहिलं. खट्. ग्लास वर गेला, पण ओठांशी जाताना थोडा कलला आणि पाण्याचा एक ओघळ युजरबाईंच्या साडीवर पडला. ठेवताना बोटं सुटायलाही वेळ लागला. त्या तेवढा वेळ ग्लासासकट टेबलावर वाकून उभ्या राहिल्या.

“झालं?” एक्स्टर्नल म्हणाले.

“हो सर,” मुलगी म्हणाली.

“गेल्या वर्षी मी इथेच होतो. या बाईंनी ग्लास असा उचलला होता.” त्यांनी चुटकी वाजवली. “त्याच्या आदल्या वर्षीपण तसाच, असं तुमचे सर सांगतात.”

“आपल्याकडे पहिल्या बॅचपासून कधी थेंब सांडलेला नाही,” प्रोजेक्ट सर म्हणाले. त्यांना हे सांगताना वाईटही वाटत होतं आणि अभिमानही.

“मग? तुझा हात जास्त वेळ घेतो, पाणी सांडतो आणि दिसतो असा. प्रोजेक्ट आधीच्यांच्या पुढे गेलेला पाहिजे, ही अट तुला माहीत आहे ना?”

“सर, याने नखं कापता येतात. मावशी दाखवतील.”

“नखं?” एक्स्टर्नलनी खुर्ची मागे घेतली. “इथे?”

“त्यासाठीच केलाय. जोर लागतो म्हणून तो सावकाश—”

“बाळ, नखं कापणं हा निकष नाही. ग्लास हा निकष आहे.” ते सौम्य आवाजात बोलत होते, नापास करताना ते नेहमी सौम्य होत. “मला हे पास करता येणार नाही. पुढच्या वर्षी सुधारून आण.”

“सर, हिला पुढचं वर्ष नाहीये,” प्रोजेक्ट सर हळूच म्हणाले. “मुदत संपते. सगळी क्रेडिटं जातील.”

“ते मला कळतं हो. पण हिच्यासाठी मी आधीच्या सगळ्यांवर अन्याय करू का?”

मुलीने फक्त एकदा युजरबाईंकडे पाहिलं आणि लगेच नजर ग्लासावर नेली. तिला माहीत होतं ते एक वाक्य पुरेसं होतं, आणि ते ती बोलणार नव्हती, हे युजरबाईंना त्या नजर वळवण्यावरून कळलं.

कुणाचं वाईट करायचं म्हणून युजरबाईंनी कधीच ग्लास उचलला नव्हता. दरवर्षी एक रडणारं पोर हसत घरी गेलं, एवढाच हिशेब त्यांना माहीत होता. त्या सगळ्या हसऱ्या पोरांनी मिळून आज या एकीला दाराबाहेर काढलं होतं, आणि दार युजरबाईंनी धरलं होतं.

“सर,” त्या म्हणाल्या, “गेल्या वर्षीचा हात देता का जरा कपाटातला?”

“कशाला मावशी?”

“द्या तर.”

प्रोजेक्ट सरांनी कपाट उघडून तो गुलाबी नखांचा हात आणला. युजरबाईंनी मुलीचा हात उतरवून टेबलावर ठेवला, पट्टा दातांनी ओढून गेल्या वर्षीचा चढवला, कोपर अंगाशी घेतलं आणि ग्लास उचलला. तोंडापर्यंत नेला. परत ठेवला. चुटकी वाजवायला लागेल एवढाच वेळ.

“हे बघा!” एक्स्टर्नल म्हणाले. “याला म्हणतात—”

“सुंदर,” प्रोजेक्ट सर म्हणाले आणि त्यांचा तो शब्द हवेतच राहिला. त्यांचं तोंड उघडं होतं. ते कपाटाकडे बघत होते, मग त्या गुलाबी हाताकडे, मग टेबलावरच्या ओबडधोबड हाताकडे.

“याची मोटर त्या टेबलावरच्या हातात आहे ना सर?” युजरबाई म्हणाल्या. “तुम्हीच काढून दिलीत.”

एक्स्टर्नलनी हात पुढे करून युजरबाईंच्या मनगटावरचा तो पोकळ हात हळूच हलवून पाहिला. आत एक सुटा स्क्रू होता, तो वाजला.

“म्हणजे मी गेल्या वर्षी,” ते म्हणाले, “पैकीच्या पैकी कुणाला दिले?”

ते बराच वेळ त्या ग्लासाकडे बघत होते. त्याने त्यांना तोंडावर खोटं सांगितलं असावं तसे. मग त्यांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं.

व्हरांड्यात मुलगी जिन्याच्या कठड्याला टेकून उभी राहिली. “कशाला केलंत मावशी?” ती सारखी म्हणत होती. “कशाला केलंत?” युजरबाई साडीवरचा ओला डाग झटकत होत्या. तो वाळायला आला होता.

प्रोजेक्ट सर बाहेर आले. “पास,” ते मुलीला म्हणाले. “काठावर. पण पास. ‘सुधारणेस वाव आहे’ असा शेरा आहे.” मुलगी खाली बसली, तिथेच, पायरीवर. सरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी युजरबाईंना खिडकीपाशी नेलं.

“मावशी,” ते म्हणाले. ते परत किडकिडीत दिसू लागले होते. “माझी मोटर मात्र चालू झाली होती ना? शेवटच्या क्षणाला?”

युजरबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली मुलं सायकली लावत होती.

“तुम्ही फार रडत होता सर,” त्या म्हणाल्या.

सरांनी मान हलवली. एकदा, मग आणखी एकदा. खिशातून रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला आणि डोळ्यांवर चढवायचं विसरून तो हातातच धरून ठेवला.

“पुढच्या वर्षीपासून बाहेरून युजर आणायचा म्हणतायत एक्स्टर्नल,” काही वेळाने ते म्हणाले. “तुमचा आता अनुभव फार झाला म्हणे.”

“बरोबर आहे.”

“आणि तो हात… तो जमा करावा लागेल. मोटर पुढच्या बॅचला लागणार.”

“त्यांना कशाला?” युजरबाई म्हणाल्या. “त्यांचे तर मोटरीशिवाय चालतात.”

सर हसले नाहीत. युजरबाईंनीही ते हसवण्यासाठी म्हटलं नव्हतं.

मुलगी पायरीवरून उठली होती. तिने आत जाऊन तो हात उचलून आणला होता आणि छातीशी धरला होता. “मी नाही देणार,” ती म्हणाली. “हरवला म्हणून सांगेन. चोरीला गेला म्हणून सांगेन.”

“हरवला तर तुझा दाखला अडकेल,” सर म्हणाले. “सामान जमा झाल्याशिवाय पदवीवर सही होत नाही. मी वर विचारून बघेन, पण…”

“अडकू दे.”

“ए बाई,” युजरबाई म्हणाल्या, “आण तो इकडे.” मुलगी मागे सरकली. “आण म्हणते ना. इतकी वर्षं मी सगळ्यांना पास केलं खोटं खोटं. एकीला खरं पास होऊ दे.”

तिने तो दिला. युजरबाईंनी तो उजव्या हातात घेतला, बोटं उघडी होती ती एकदा बघितली आणि सरांच्या हातात ठेवला. मग जेवणाची सुट्टी संपत आली होती म्हणून त्या काउंटरवर गेल्या. रांग लागलीच होती.

पुढच्या रविवारी सकाळी त्या न्हाणीघरात चादर धुत होत्या. ओली चादर पिळायला दोन हात लागतात. युजरबाई तिचं एक टोक नळाला गुंडाळत आणि दुसरं उजव्या हाताने ओढून पीळ देत. निम्मं पाणी तसंच राही. कंडक्टरने पूर्वी कितीदा तरी “आण मी पिळतो” म्हटलं होतं आणि दर वेळी तिने त्याला हाकललं होतं, “तुम्ही चार थेंब काढता आणि सगळीकडे सांगता.”

तो दाराशी येऊन उभा राहिला. तिने नळावरचं टोक सोडवलं होतं, ते परत गुंडाळत होती. त्याने ते टोक तिच्या हातातून घेतलं.

“जा हो तुम्ही. मी करते.”

“तूच कर,” तो म्हणाला. त्याने ते टोक दोन्ही मुठींत आवळलं, पाय रोवले आणि जागेवर थांबला. “मी नुसता धरतो.”

युजरबाई क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी चादरीचं दुसरं टोक उजव्या मनगटाभोवती घेतलं आणि पीळ द्यायला सुरुवात केली. त्याने हात हलवला नाही, ओढलं नाही. चादर दोघांमध्ये दोरीसारखी ताठ झाली आणि पाणी धारेने खाली पडू लागलं.